"लहानपणी तर असं काहीच नव्हतं": जेंडर डिस्फोरिया घरच्यांना का दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९ वर्षांच्या मुलीने आईला सांगितलंय की मला जेंडर डिस्फोरिया आहे, मी स्वतःला मुलगी समजत नाही. आईचं म्हणणं, लहानपणी तर असं काहीच नव्हतं, हौसेने फ्रॉक घालायची, बाहुल्या खेळायची, मग हे एकदम आलं कुठून? मोबाईलवर बघून डोक्यात घेतलंय का? आणि औषधाने किंवा काउन्सेलिंगने हे जाईल का?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत या विषयाचे लोक आणि त्यांचे आईवडील बरेच असतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. एक आधीच सांगते, खाली मी "तुमचं मूल" असंच म्हणणार आहे, कारण त्याला स्वतःला काय म्हणवून घ्यायचंय हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुतेक अजून विचारलंही नसेल. विचारा. नुसतं विचारल्याने काही ठरून जात नाही, आणि त्याने कोणी ट्रान्सही (म्हणजे जन्मताना झालेली मुलगा-मुलगी ही नोंद ज्याला आतून पटत नाही असं माणूस) होत नाही.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. जन्मताना शरीर बघून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते, बहुतेकांना ती आयुष्यभर इतकी बरोबर वाटते की त्याचा विचारसुद्धा मनात येत नाही. काहींना ती आतून पटत नाही. हे न जुळणं हा मानसिक आजार मानला जात नाही, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी २०२२ पासून लागू झाली त्यात ते मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय. डिस्फोरिया म्हणजे त्या न जुळण्यातून जो त्रास होतो तो. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली डीएसएम-५ हे मानसिक निदानाचं पुस्तक काढलं तेव्हा जुनं "जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर" हे नाव टाकून "जेंडर डिस्फोरिया" घेतलं ते याचसाठी, की डॉक्टरने लक्ष त्रासाकडे द्यावं, ओळखीकडे नाही. मोठ्या माणसात निदान करायचं तर ६ महिने तरी हे चालू असायला हवं, दिलेल्या ६ लक्षणांपैकी किमान २ हवीत, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात खराखुरा त्रास किंवा अडथळा हवा. म्हणजे ट्रान्स आहे पण डिस्फोरिया फारसा नाही अशी माणसं असतात. आणि कोण आवडतं, मुलगे की मुली, हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नका.

आता मुख्य मुद्दा, आणि मला खरं तर यावरच लिहायचंय. लोकांच्या डोक्यात डिस्फोरियाचं जे चित्र असतं ना, की माणूस आरशासमोर रडतोय, "मी चुकीच्या शरीरात जन्मलो" म्हणतोय, तसं फार थोड्या वेळा दिसतं. प्रत्यक्षात डिस्फोरिया बहुतेक वेळा टाळण्याच्या रूपात असतो. माणूस काय करतो त्यापेक्षा काय करत नाही त्यात तो लपलेला असतो, आणि जे केलंच जात नाही ते घरच्यांच्या डोळ्याला दिसणार कसं?

उदाहरणं देते, ही एका कुणाची नाहीत, वर्षानुवर्षं ऐकलेल्यांचं मिश्रण आहे. आंघोळ लाईट बंद करून किंवा अगदी दोन मिनिटांत उरकणं. फोटो काढायची वेळ आली की नेमकं काहीतरी काम निघणं, नाहीतर कॅमेरा आपल्या हातात घेणं म्हणजे आपण फोटोत येत नाही. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवत नाही म्हणून व्हॉइस मेसेज न पाठवणं, फोन न उचलणं. उकाड्यातही दोन-तीन थरांचे ढगळ कपडे, खांदे पुढे झुकवून चालणं, आणि घरचे म्हणतात पाठ सरळ ठेव. बाहेर कुठलं टॉयलेट वापरायचं हा प्रश्न नको म्हणून दिवसभर पाणीच न पिणं, मग डोकेदुखी, लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरकडे जायचं टाळणं, कारण तपासताना शरीराबद्दल बोलावं लागतं. पाळीच्या दिवसांत माणूस खोलीतून बाहेर येत नाही आणि सगळे म्हणतात पोट दुखत असेल.

मराठीत तर अजून एक आहे जे मला माझ्या कामात फार लवकर कानाला लागतं. आपल्याकडे "मी आलो" की "मी आले" हे कितीतरी वाक्यांत सांगावं लागतं, त्यातून सहज सुटका नाही. मग काही जण वर्षानुवर्षं वाक्यं अशी वळवतात की तो प्रश्नच येऊ नये, "पोचणं झालं", "जेवण झालंय", "उद्या यायचंय", नाहीतर "आम्ही आलो", कारण "आम्ही"ला चालून जातं. समोरच्याला वाटतं हा माणूस तुटक बोलतो. प्रत्यक्षात तो तोंड उघडण्याआधी दर वेळी एक गणित करत असतो, आणि दिवसभर असं गणित करत राहिलं तर संध्याकाळी काय शिल्लक राहणार? थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही, हे सगळं इथून पण येतं.

याशिवाय एक प्रकार आहे तो त्या माणसाला स्वतःलाही लवकर उमगत नाही, तो म्हणजे बधीरपणा. दुःख होतंय असं नाही, काहीच होत नाहीये. शरीर आपलं आहे असं वाटतच नाही, आपण स्वतःला लांबून बघतोय असं वाटतं. पुढे दहा वर्षांनी तू कसा दिसशील, काय करत असशील असं विचारलं तर समोर कोरा पडदा येतो. करिअरचा निर्णय घेता येत नाही म्हणून आईवडील घेऊन येतात आणि खोदत गेलं की कळतं, भविष्यातलं ते मोठं झालेलं माणूस डोळ्यासमोर आणताच येत नाहीये, कारण जे येतं ते "मी" वाटत नाही. हे सगळ्यांना होतं असं अजिबात नाही. काहींना फक्त छातीचा त्रास होतो, काहींना फक्त आवाजाचा, काहींना शरीराचं फारसं काही नसतं पण लोक "ताई", "मॅडम" म्हणाले की पोटात गोळा येतो. एकाच माणसात पण चढउतार असतात, महिनाभर बरं जातं आणि एखाद्या लग्नात नटून जायची वेळ आली की परत सगळं वर येतं.

उलट बाजू पण बघा, तिच्याकडे डॉक्टरही कमी लक्ष देतात. केस कापल्यावर, वेगळ्या नावाने कोणी सहज हाक मारल्यावर, ऑनलाइन गेममध्ये मुलाचं कॅरेक्टर घेतल्यावर जो आराम वाटतो, त्याला जेंडर युफोरिया म्हणतात. फ्रिजचा घुंघुं आवाज बंद पडला की मगच कळतं ना की तो इतका वेळ चालू होता, तसं कितीतरी जणांना आपल्याला त्रास होता हे तो पहिल्यांदा थांबल्यावर कळतं. म्हणून मी पहिल्या भेटींमध्ये "त्रास कधी होतो" याच्याइतकंच "हलकं कधी वाटतं" हे विचारते.

आता तुमचं "लहानपणी काहीच नव्हतं". हे खरं असू शकतं. काही मुलं तीन-चार वर्षांची असताना ठामपणे सांगतात, पण सगळ्यांचं तसं नसतं, बऱ्याच जणांना वयात येताना सुरू होतं कारण तोपर्यंत मुलामुलींच्या शरीरात फरक असा तो किती असतो? छाती वाढायला लागते, पाळी येते, आवाज फुटतो, तेव्हा शरीर भलत्याच दिशेला निघालंय असं वाटायला लागतं. आणि चाळिशी-पन्नाशीत, लग्न मुलंबाळं झाल्यावर बोलणारे पण असतात. फ्रॉक आणि बाहुल्यांवरून काही ठरत नाही, बाहुल्या आवडणारे मुलगे असतात आणि क्रिकेट खेळणाऱ्या, केस बारीक ठेवणाऱ्या असंख्य मुली असतात ज्या मुलीच असतात आणि मजेत असतात. आवडीनिवडी आणि जेंडर ही एक गोष्ट नाही. शिवाय मुलं घरातला वारा ओळखतात, एकदा कशावर ओरडा बसला की परत विचारत नाहीत.

मोबाईलचं म्हणाल तर, बहुतेकांना या अनुभवाचं नाव मोबाईलवरच सापडतं, हे खरंय, दुसरीकडे कुठे सापडणार होतं? नाव मिळणं आणि त्रास सुरू होणं हे जवळजवळ एकाच वेळी घरच्यांसमोर येतं म्हणून कारण तेच वाटतं. २०१८ साली अमेरिकेत लिसा लिटमन यांचा एक पेपर आला होता, किशोरवयात "अचानक" सुरू होणाऱ्या डिस्फोरियाबद्दल, त्याचा आधार घेऊन आजही बरंच बोललं जातं. पण त्यात माहिती आईवडिलांकडून घेतली होती, मुलांना विचारलेलंच नव्हतं, आणि २०१९ मध्ये त्या जर्नलने दुरुस्ती छापून हे अधिकृत निदान नाही असं स्पष्ट केलं. आईवडिलांना जे अचानक वाटतं ते मुलाच्या आत वर्षांपासून असू शकतं हे मी वर सांगितलंच. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगते, गेल्या दशकात बऱ्याच देशांत क्लिनिकला येणाऱ्या किशोरवयीनांची संख्या खूप वाढली, त्यात जन्माने मुली असलेल्यांचं प्रमाण वाढलं, आणि याची कारणं काय यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही जण विचार करतात, करून बघतात, आणि शेवटी वेगळ्या ठिकाणी स्थिरावतात. ते चालतं. त्यासाठीच घाई करायची नसते, ना हो म्हणण्याची ना नाही म्हणण्याची.

मनावर परिणाम काय होतो? डिप्रेशन, अँग्झायटी, स्वतःला इजा करणं, आत्महत्येचे विचार, यांचं प्रमाण ट्रान्स लोकांत सगळीकडेच जास्त आढळतं. खाण्याचे आजार पण, आणि तिथे कारण कधीकधी बारीक दिसायचं हे नसतंच, वजन घटलं की पाळी थांबते आणि अंग सपाट होतं हे असतं, हे न विचारता नुसतं वजन वाढवायच्या मागे लागलं तर माणूस उपचार सोडून पळतो. पण यातलं सगळं डिस्फोरियातूनच येतं असं नाही. मोठा भाग येतो तो लपवण्याच्या ताणातून, टोमण्यांतून, घरातून हाकललं जाईल या भीतीतून. म्हणूनच तर घर कसं वागतं याने इतका फरक पडतो. २०१८ मधल्याच एका अमेरिकन अभ्यासात १२९ तरुण ट्रान्स मुलामुलींना विचारलं होतं की घर, शाळा, काम, मित्र यापैकी किती ठिकाणी तुम्ही निवडलेलं नाव वापरता येतं, आणि जितकी ठिकाणं जास्त तितकं डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार कमी असं दिसलं. अभ्यास लहान आहे, नावामुळेच सगळं झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण मी रोज जे बघते त्याच्याशी जुळतं.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी डिप्रेशन कमी होतं, डिस्फोरिया जात नाही. तरी गरज असेल तर त्या घ्याव्यात, झोप आणि जेवण जाग्यावर आलं की माणसाला विचार नीट करता येतो.

हे दुसरं काहीतरी नाही ना, हा प्रश्न वाजवी आहे आणि चांगला डॉक्टर तो तपासतोच. बॉडी डिस्मॉर्फियामध्ये माणसाला एखादा अवयव विद्रूप वाटतो, नाक वाकडं आहे वगैरे. डिस्फोरियात अवयव विद्रूप वाटत नाही, तो आपला वाटत नाही. ओसीडीमध्ये, म्हणजे नको ते विचार परत परत येण्याच्या आजारात, कधीकधी "मी ट्रान्स तर नाही ना" हा विचार घुसतो आणि माणूस घाबरून दिवसभर स्वतःची तपासणी करत बसतो, तिथे ओढ नसते, आरामही नसतो, फक्त खात्री करून घ्यायची धडपड असते. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात, बाकीचीही लक्षणं असतात. आणि ऑटिझम, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२० साली सुमारे ६ लाख ४० हजार लोकांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात ट्रान्स आणि जेंडर डायव्हर्स (मुलगा-मुलगी या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या) लोकांत ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा ३ ते ६ पट जास्त दिसलं. याचा अर्थ ऑटिस्टिक आहे म्हणून ट्रान्स असणं खोटं, असा होत नाही, तपासणीला वेळ जास्त द्यायचा आणि प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारायचे असा होतो.

मग "जाईल का?" समजावून, दटावून, देवाधर्माचं करून किंवा "कन्व्हर्जन थेरपी"च्या नावाखाली ओळख बदलायचे जे प्रयत्न होतात ते चालत नाहीत आणि नुकसान करतात, मोठ्या वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय संघटना याच्या विरोधात आहेत. कोणी "सहा सेशनमध्ये नॉर्मल करून देतो" म्हणालं तर पैसे आणि मूल दोन्ही घेऊन तिथून निघा. त्रास कमी होतो का? हो, बऱ्याच जणांचा बराच कमी होतो, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा. काहींना नाव, कपडे, केस एवढं पुरतं. काही जण छाती सपाट दिसायला बाइंडर (आतून घालायचा घट्ट कपडा) घालतात, त्यात चांगल्या मापाचा घ्यायचा, सहसा ८ तासांच्या वर नाही, झोपताना नाही, व्यायामाला नाही, आणि क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी तर कधीच गुंडाळायची नाही, बरगड्यांना इजा होते. हे तुमच्या मुलाशी बोलाच, कारण लपून करणारे बँडेजच वापरतात.

हार्मोनचा निर्णय सज्ञान माणसाने एंडोक्रायनॉलॉजिस्टशी (हार्मोनच्या डॉक्टरशी) नीट बोलून घ्यायचा. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने काही महिन्यांत पाळी सहसा थांबते, आवाज जाड होतो, दाढी यायला लागते, यातला आवाज परत पहिल्यासारखा होत नाही. रक्त घट्ट होतंय का हे बघायला वेळोवेळी तपासण्या लागतात. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असंही नाही, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे. दुसऱ्या बाजूने जाणाऱ्यांत, म्हणजे जन्मताना मुलगा अशी नोंद झालेल्यांत, इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हार्मोनने स्तनांची वाढ ३ ते ६ महिन्यांत सुरू होते आणि पुढे दोन-तीन वर्षं चालते, पण आधी फुटलेला आवाज बारीक होत नाही, त्याला व्हॉइस थेरपी लागते. दोन्हीकडे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून बीजांड किंवा शुक्राणू साठवायचं बोलणं आधी व्हायला हवं, नंतर नाही. सर्जरी सगळ्यांना नको असते. १८ च्या आतल्यांचा विषय वेगळा आणि जास्त वादाचा आहे, इंग्लंडमध्ये २०२४ साली प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं थांबवून धरणारी औषधं) नेहमीच्या उपचारातून काढले गेले, तुमचं मूल त्या वयाच्या पुढे आहे म्हणून त्यात शिरत नाही.

पश्चात्ताप होतो का, हे प्रत्येक आई विचारते. काहींना होतो आणि त्यांनाही तितकीच चांगली मदत मिळायला हवी. २०१५ च्या एका मोठ्या अमेरिकन सर्वेक्षणात, ट्रान्झिशनच्या (नाव, राहणी किंवा शरीर आपल्या ओळखीप्रमाणे बदलण्याच्या) दिशेने काही ना काही पाऊल टाकलेल्या १७ हजारांवर लोकांपैकी सुमारे १३ टक्के कधी ना कधी मागे फिरले होते, आणि त्यातल्या ८२ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाहेरचं कारण सांगितलं, घरचा दबाव, नोकरी, लोकांचा त्रास. अर्थात हे सगळे उत्तर देताना स्वतःला ट्रान्स म्हणवणारेच होते, कायमचे सोडून गेलेले त्यात आलेच नाहीत, त्यामुळे हा आकडा कोणाच्या तोंडावर फेकायचा नसतो, ना या बाजूने ना त्या बाजूने.

घरी काय करायचं? पुरावे मागू नका. "तुला कशावरून वाटतं" असं उलटतपासणीच्या सुरात विचारलं की मूल वकील बनतं, सगळ्या शंका गिळून फक्त ठाम बाजू मांडतं, आणि मग त्याच्या खऱ्या शंका बोलायला जागाच राहत नाही. त्यापेक्षा दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते ते विचारा. नाव चुकलं तर "सॉरी" म्हणा आणि पुढचं वाक्य बोला, अर्धा तास माफी मागत बसलं की उलट त्यालाच तुमचं सांत्वन करावं लागतं. काका-मामा-आजीला परस्पर सांगू नका, कोणाला कधी सांगायचं हे त्याच्या हातात राहू दे. आणि तुम्हाला वाईट वाटतंय, मुलीची स्वप्नं बघितली होती ती हातातून जातायत असं वाटतंय, तर तेही खरंच आहे, ते बोलायला स्वतःसाठी वेगळा माणूस शोधा, मैत्रीण किंवा थेरपिस्ट, पण मुलासमोर रोज ते उघडू नका.

थेरपिस्ट निवडताना पहिल्या फोनवरच विचारा की ट्रान्स लोकांबरोबर आधी काम केलंय का आणि तुमच्या मते थेरपीचा उद्देश काय. उत्तर "मन वळवणं" असेल तर नको, आणि पहिल्याच भेटीत काही न विचारता हार्मोनची चिठ्ठी देतो म्हणत असेल तरी नको. मूल सज्ञान आहे, काही भेटी त्याच्या एकट्याच्या असतील आणि आत काय बोलणं झालं ते थेरपिस्ट तुम्हाला सांगणार नाही, त्यावर रागावू नका. पण मूल मरणाबद्दल बोलायला लागलं, वस्तू वाटून टाकायला लागलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा बरेच दिवस उदास राहून एकदम शांत झालं, तर डिस्फोरिया आहे की नाही हा सगळा वाद बाजूला ठेवा, सरळ विचारा "जीव द्यावासा वाटतोय का", असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा, आणि तिथे फॉर्मवर कुठलं नाव लिहायचं ते जाताना वाटेत त्यालाच विचारून घ्या.